न झालेल्या सभेचं इतिवृत्त

वसुधाताई देवस्थळी यांची आणि माझी पहिली भेट २०१४च्या संक्रांतीला झाली. कॉर्कजवळच्या कॅरिगलाइनमध्ये एका घरी तिळगुळाचा कार्यक्रम होता. मला आयर्लंडमध्ये येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. कोण कुठे काम करतं याची विचारपूस चालली होती. कोणी सॉफ्टवेअरमध्ये, कोणाचे यजमान रिंगास्किडीच्या औषध कंपनीत, कोणी स्वतःच तिथल्या प्रयोगशाळेत. माझी पाळी आली तेव्हा मी "हेल्थकेअरमध्ये आहे" एवढंच म्हटलं आणि लाडू तोंडात टाकला. मी मूळची सोलापूर जिल्ह्यातली, शिकलेली नर्स. पण इथली नोंदणी व्हायची होती, म्हणून एका नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट होते. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की बाळंतपणाचा दवाखाना डोळ्यांपुढे येतो; इथे ते वृद्धांचं राहण्याचं ठिकाण. तिथे मी काय करते हे त्या खोलीत सांगायची मला लाज वाटत होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून खणखणीत आवाज आला, "म्हणजे नर्सिंग होममध्ये ना गं? म्हाताऱ्या माणसांचं अंघोळीपासून सगळं? मीही तेच करत आले इतकी वर्षं. ये, बस इथे."

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला ताईंचा असा राग आला की विचारू नका. तरीही मी जाऊन बसले, आणि निघताना ताईंनी माझा नंबर घेतला. महिन्याभरात मी त्यांच्या हाताखाली काम करू लागले होते.

ताईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी शिष्येच्या नात्याने लिहावं, असं संपादक मंडळाने सुचवलं. ताईंची शिकवण्याची पद्धत, त्यांची मूल्यं, त्यांचा जिव्हाळा, असे मुद्देही त्यांनी काढून दिले. मी ते सगळे घेणार आहे. फक्त ताईंबद्दल आपल्या इथल्या मराठी मंडळात जी एक गोष्ट गेली तीन वर्षं बोलली जाते ती माझ्या तोंडून निघाली होती आणि ती खोटी होती, हेही मला इथेच लिहायचं आहे. दुसरीकडे कुठे लिहिण्याचा धीर मला झालेला नाही.

ताई कॉर्क बंदराकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका नर्सिंग होमच्या 'पर्सन-इन-चार्ज' आहेत. हे नुसतं पद नाही, कायद्याने दिलेली जबाबदारी आहे. त्यासाठी आधी नर्स असावं लागतं, वृद्धांच्या सेवेचा अनुभव लागतो, व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. मग होमने नाव सुचवलं की सरकारी निरीक्षक मुलाखत घेतात आणि ही व्यक्ती या कामाला योग्य आहे की नाही ते ठरवतात. एवढं झाल्यावर त्या छपराखाली जे काही घडेल त्याला उत्तर देणारी व्यक्ती ती. माझी इथली नोंदणी झाल्यावर ताईंनीच मला व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला घातलं. मालक दुसरं होम काढणार होते आणि तिथे ताई माझं नाव सुचवणार होत्या.

अभ्यासक्रमाचे वर्ग शनिवारी असत. ताईंचे वर्ग रोज. त्यांचा पहिला धडा म्हणजे खुर्चीचा दिवस. हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकीने एक अख्खा दिवस रहिवासी म्हणून खुर्चीत बसायचं. फोन नाही, उठायचं नाही, काही हवं असेल तर घंटी दाबायची आणि वाट बघायची. मी मनातल्या मनात हसले होते. दुपारी बाथरूमला जायचं होतं म्हणून घंटी दाबली, तर येणारी मुलगी दोनदा "आलेच हं" म्हणून निघून गेली. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी रडकुंडीला आले होते. संध्याकाळी ताईंनी विचारलं, "कसं काय?" मी म्हटलं, "ग्रँड." इथे राहून 'सगळं छान' अशा अर्थाचा हा शब्द आपल्या सगळ्यांच्याच तोंडात बसला आहे. ताई म्हणाल्या, "ग्रँड म्हणू नकोस. काय झालं ते सांग."

त्यांचा दुसरा धडा रहिवाशांच्या सभेचा. अशी सभा दर दोन महिन्यांनी घ्यावी लागते आणि तिचं इतिवृत्त ठेवावं लागतं. बहुतेक ठिकाणी "सर्वांनी समाधान व्यक्त केलं" एवढ्यावर भागतं. ताईंचा नियम वेगळा. प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसायचं, तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि उठण्यापूर्वी त्याला वाचून दाखवायचं. तो "हो, असंच म्हणालो मी" म्हणाला तरच ते कागदावर राहील. त्यामुळे ताईंच्या वहीत "सूप म्हणजे अंडी उकडलेलं पाणी" अशी वाक्यं तशीच्या तशी असत, आणि स्वयंपाकी ताईंवर सदैव रुसलेला असे.

या सभांमध्ये सर्वांत जास्त बोलत त्या नोरा. वय नव्वदीच्या घरात, आयुष्य कोंबड्या पाळण्यात गेलेलं. त्यांची तक्रार एकच, दर सभेला तीच. इथे संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात आणि आमच्या होममध्ये तो दुपारी साडेचारला वाढला जायचा, कारण स्वयंपाकघराची पाळी लवकर संपायची. नोरा म्हणत, "मी काय कोंबडी आहे का, उजेड असताना खुराड्यात ढकलायला?" ताई ते लिहून घेत, वाचून दाखवत, आणि मालकांशी भांडत. मालक खर्चाचं कारण सांगत आणि वेळ तीच राहत असे.

ताईंच्या जिव्हाळ्याबद्दल लिहायचं तर मला माझ्या आईचा उन्हाळा आठवतो. २०१५मध्ये आई दोन महिने इथे आली होती. आम्ही दोघं नवरा-बायको कामावर, मुलगी शाळेत, आणि संध्याकाळी मुलगी आजीशी बोलणार ती कॉर्कच्या इंग्रजीत. आई दिवसभर खिडकीत बसून असायची. हे ताईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "त्यांना घेऊन ये ना तुझ्याबरोबर. नोराला मटार सोलायला सोबत हवीय." आणि खरोखरच आई आठवड्यातून दोन दिवस होममध्ये येऊन नोरांबरोबर मटार सोलू लागली. एकीला मराठीखेरीज काही येत नव्हतं, दुसरीला इंग्रजीखेरीज. तरी दोघी तासन्‌तास बोलत. कोंबड्यांचे आवाज काढून हसत. परत जाताना आई मला म्हणाली, "समदं झ्याक हाय हितलं, पर त्या माऊलीला साडेचारलाच जेवाय घालत्यात, त्येवढं बघ की गं. भूक तरी लागंल का त्या येळंला?" मी "बघते" म्हटलं.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिते.

२०१६च्या शरदात ताई तीन आठवडे भारतात गेल्या आणि होम माझ्याकडे होतं. त्या काळात रहिवाशांची सभा यायची होती. कामाला माणसं कमी, फ्लूची इंजेक्शनं चाललेली, आणि त्यातच नोरा आजारी पडल्या. एका मंगळवारी सकाळी त्या गेल्या. इथे माणूस गेलं की जीवाला वाट मिळावी म्हणून खोलीची खिडकी उघडतात. ती खिडकी मी उघडली. त्यांचे हात पुसले, केस नीट केले. सभा राहून गेली ती गेलीच.

ताई परतण्याच्या आदल्या दिवशी मला सभेची आठवण झाली. आता एक गोष्ट सांगायला हवी. मी जिथे शिकले तिथे इन्स्पेक्शन येणार म्हटलं की आठवडाभर रजिस्टरं 'पूर्ण' करायचं काम चाले. कधी निळं पेन, कधी काळं, एखादं पान जुनं दिसावं म्हणून त्यावर चहाचा थेंब. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम हमखास माझ्याकडे यायचं आणि मॅडम माझी पाठ थोपटायच्या. मी ते खोटं समजतच नव्हते. मला ते नीटनेटकेपण वाटायचं. म्हणून त्या दिवशीही मी फारसा विचार केला नाही. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात बसले, मागच्या सभेची हजेरी समोर ठेवली, मागच्या गुरुवारची तारीख घातली आणि वीस मिनिटांत सभा उरकली. ताईंची शैली मला चांगली येत होती. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला शोभेल असं एकेक वाक्य लिहिलं. नोरांच्या नावापुढे मी लिहिलं, "टी वेळेवर आणि छान मिळतो. काही तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी ताईंनी उभ्याउभ्याच ते वाचलं. मग त्या बसल्या.

"सभा गुरुवारी झाली?"

"हो ताई."

"नोरा होत्या?"

माझ्या अजूनही काही लक्षात आलं नव्हतं. उलट मी हसून म्हटलं, "होत्या ना. या वेळी खूश होत्या."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुभा, नोरा त्याच्या आधीच्या मंगळवारी गेल्या. तूच मला फोन केलास. खिडकी तू उघडलीस."

मी काय म्हणाले ते आता लिहवत नाही. पण लिहायचंच ठरवलं आहे तर लिहिते. मी म्हटलं, "अय्या, हो की. नाव चुकून राहिलं. द्या, दुसरं पान लिहून आणते."

ताईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "न झालेली सभा लिहिलीस, ते एक. ते मी समजू शकते, आपण सगळे असलंच शिकून आलोय. पण त्या बाईच्या तोंडात तू 'छान आहे' घातलंस. इथे आल्यापासून ती एकच गोष्ट मागत होती. आता ती उठून नाही म्हणायला यायची नाही."

मी पान फाडायला हात पुढे केला. ताईंनी ते माझ्या हाताखालून ओढून घेतलं, त्यावर आडवं लिहिलं, "ही सभा झालेली नाही," खाली सही केली आणि फाइलमध्ये सर्वांत वर लावलं. मग मला सांगितलं की यंदा त्या माझं नाव सुचवणार नाहीत. "एक वर्ष प्रत्येक सभा तू घे. वाचून दाखव. मग बघू."

तीन आठवड्यांनी निरीक्षक न सांगता आले. ताईंनी ती फाइल आपण होऊन त्यांच्यापुढे ठेवली, हे मला दाराबाहेरून दिसलं. तपासणीचा अहवाल पुढे सगळ्यांना वाचायला खुला होतो. मालक ताईंना केबिनमध्ये नको नको ते बोलले, ते साऱ्या मजल्याने ऐकलं. मी मात्र तो अहवाल उघडलाही नाही. त्यात माझं नाव असणार, अशी माझी खात्री होती.

त्या दिवाळीला आपल्यापैकी एकीच्या घरी फराळाला जमलो होतो. "काय गं, नव्या होमची चार्ज होणार होतीस ना?" असं कोणीतरी सहज विचारलं. चिवड्याचा डबा माझ्या हातात होता. मी डबा पुढे करत म्हटलं, "कसली होतेय! ताईंना दुसरी मराठी बाई वर आलेली बघवत नाही."

इतकंच. पुढचं मला करावं लागलं नाही. "वाटत नाही हो तसं," म्हणणाऱ्या एक-दोघी होत्या, पण "असेल बाई, माणसाचं काय सांगावं," म्हणणाऱ्या जास्त. दाराशी चपला घालेपर्यंत गोष्ट पक्की झाली होती. घरी आल्यावर यजमानांनाही मी तेच सांगितलं, आणि दोनदा सांगितल्यावर मलाही ते बऱ्यापैकी खरं वाटू लागलं.

आपल्या गणपतीचे उकडीचे मोदक वर्षानुवर्षं ताई करत. सोबत उरलेल्या उकडीच्या निवग्र्याही, खास मिरची जास्त घालून. २०१७ला हे काम दुसरीकडे दिलं गेलं. "ताई बिझी असतात, त्यांना कशाला त्रास," असं समितीच्या बैठकीत ठरलं. मी त्या बैठकीला होते आणि मी मान डोलावली. ताई कार्यक्रमाला आल्या, आरतीला उभ्या राहिल्या, सगळ्यांबरोबर ताट घेऊन रांगेत थांबल्या आणि शेवटी नेहमीप्रमाणे खुर्च्या आवरायला लागल्या. झालेला प्रकार ताईंनी हसून सोडून दिला.

दरम्यान मी सभा घेत होते. सुरुवातीला धुसफुसत, फक्त ताई उभ्या राहून बघतात म्हणून. स्टुलावर बसायचं, लिहायचं, वाचून दाखवायचं. पहिल्याच सभेत एका आजोबांनी मला थांबवलं. "मी म्हणालो की दूध पातळ असतं. 'थोडं पातळ' नाही. 'थोडं' तुझं आहे, ते काढ." मी 'थोडं' खोडलं. अशी किती 'थोडं' मी त्या वर्षात खोडली याची गणती नाही. टीची वेळ तर तपासणीनंतरच्या महिन्यातच साडेपाच झाली होती. मालकांपुढे ताईंनी नोरांच्या सगळ्या जुन्या तक्रारी एकापुढे एक मांडल्या, आणि अहवालाने घाबरलेले मालक या वेळी तयार झाले. आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं केलंसा. नोराबाई खूश असंल मग." नोरा गेल्याचं तिला तोवर मी सांगितलंच नव्हतं.

वर्ष संपलं तसा ताईंनी शब्द पाळला. नव्या होमसाठी माझं नाव गेलं आणि २०१८मध्ये मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखतीला जाणाऱ्याने आपण काम करतो त्या होमचे जुने अहवाल वाचलेले असावे लागतात. नाइलाजाने मी तो अहवाल उघडला. माझं नाव कुठेच नव्हतं. तिथे लिहिलं होतं की एका सभेचं इतिवृत्त खरं नसल्याचं पर्सन-इन-चार्जनी स्वतःहून निदर्शनाला आणलं, आणि आपल्या हाताखालच्यांना शिकवण्यात आपणच कमी पडलो असं सांगितलं. मी ते वाक्य स्वयंपाकघरात उभी राहून तीनदा वाचलं. लाज वाटणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. संक्रांतीला लाडू तोंडात टाकताना वाटली ती लाज नव्हतीच.

मुलाखतीत निरीक्षकांनी विचारलं, "तुमच्या हातून झालेली एखादी चूक सांगा." मी सभेचं सगळं सांगितलं. तारीख, वीस मिनिटं, नोरांच्या तोंडात घातलेलं वाक्य, आणि ते लिहिणारी मीच हेही. मला नाकारलं जाईल असं धरूनच मी बोलत होते. पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं की मी योग्य आहे.

ताईंनी पेढे वाटले. मी पाया पडले तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "पहिली सभा कधी घेतेयस?"

आणि एवढं होऊनही मी आपल्या मंडळात तोंड उघडलं नाही. परक्या अधिकाऱ्यांपुढे मी खरं बोलले, कारण तिथे बोलण्याने मिळण्यासारखं काहीतरी होतं. इथे फक्त गमावण्यासारखं होतं. पुढच्या गणपतीलाही मोदक दुसरीकडूनच आले, आणि मी ते खाल्ले. आजही नव्याने आलेल्या एखादीला कोणीतरी हळूच सांगतं, "ताई चांगल्या आहेत हो, पण जरा…" त्या 'जरा'ची मालकीण मी आहे. ताईंनी कोणाचीही वाट अडवली नाही. त्यांनी मला एक वर्ष थांबवलं, आणि ते वर्ष मिळालं नसतं तर मी आज ज्या खुर्चीवर बसते तिथे कोणाच्या तरी आजीला धोका पोहोचला असता.

हा लेख लिहून झाल्यावर तो वाचून दाखवायला मी ताईंकडे गेले. ज्याचं बोलणं लिहिलं त्याला ते वाचून दाखवायचं, हा नियम त्यांचाच. साठीचा ग्रंथ निघतोय याचाच त्यांना मनस्ताप झाला होता. "मी काय निवृत्त होतेय का? अजून पाच-सहा वर्षं हलत नाही मी." पण डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं. नोरांच्या भागात एकदा मान हलवली. दिवाळीच्या भागात काहीच केलं नाही. ते वाक्य कुठून निघालं हे त्यांना कधीपासूनच ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. मोदकांच्या परिच्छेदाशी मात्र त्यांनी हात वर केला.

"'हसून सोडून दिला.' हे तुला कोणी सांगितलं?"

मी हातातल्या पानाकडे बघितलं.

"मी सांगितलं का?"

"नाही ताई."

"मला विचारलंस?"

"नाही."

"मी रडले होते, शुभा. कोणी ना कोणी शेवटच्या क्षणी तरी विचारेल म्हणून सारण करून ठेवलं होतं. चार दिवस ते फ्रीजमध्ये होतं. मग टाकून दिलं. लिही हे."

ते वाक्य मी वर मुद्दाम तसंच ठेवलं आहे. इतकं सगळं शिकून, मुलाखत देऊन, वर्षभर 'थोडं' खोडत बसूनही मी पुन्हा एकदा दुसऱ्या बाईच्या तोंडात 'काही तक्रार नाही' घालून मोकळी झाले होते. फरक एवढाच की या वेळी समोरची व्यक्ती आहे, बोलते आहे, आणि मला थांबवू शकते. त्या दिवशी ताईंनी सांगितलेलं मी त्यांच्याच पुढ्यात लिहिलं आणि वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो, असंच म्हणाले मी." मग चहा टाकायला उठल्या.

या वर्षीच्या मोदकांचं विचारायला ताईंकडे कोणीतरी जायला हवं. मी जाणारच आहे. पण माझ्या एकटीच्या जाण्याने ते पुरतं होणार नाही, कारण त्या दिवाळीला ऐकून घेणारे आपण पुष्कळ होतो.

ताई, तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो. गुडघे दुखू नयेत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि बंदराकडच्या त्या टेकडीवर अजून पुष्कळ वर्षं तुम्ही आम्हाला स्टुलावर बसवत राहा. आणि कधीकाळी खूप खूप उशिरा तुम्हाला खुर्चीत बसून घंटी दाबायची वेळ आलीच, तर दर दोन महिन्यांनी मी तुमच्याशेजारी येऊन बसेन. तुम्ही मन भरेल तेवढ्या तक्रारी करा. मी एकही शब्द माझा घालणार नाही.